चार दिवस दाणे

शिकार म्हणजे काय, हे मला तोंडपाठ होतं. पकडणं, पाठलाग करणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष टाकणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं. कायद्याच्या लेखी ही सगळी शिकारच. जनावर मेलंच पाहिजे असं नाही, आणि बंदूक तर लागतच नाही.

पाठ असायचं कारण एवढंच, की मी ते तीनदा टाइप केलं होतं. पनवेलला कचेरीजवळ एका खोलीत मी टायपिंगचं काम करते. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नाव बदलायचे अर्ज. एका वकिलांकडे रानडुकराला फास लावल्याची केस आली होती, तिचे कागद माझ्याकडे आले. पहिल्या प्रतीवर त्यांनी चहा सांडला, दुसऱ्या प्रतीत माझी एक ओळ गळली, तिसरी एकदाची बरोबर निघाली. आणि जे मी तीनदा टाइप करते ते मला समजलं, असं मला वाटतं. हा माझा जुना रोग आहे. आमच्या सोसायटीत मला वकीलबाई म्हणतात. चेष्टेनं म्हणतात हे मला कळतं, तरी ते ऐकून मी थोडी फुगतेच.

मी आणि बाबा, आम्ही दोघंच रोडपालीला फ्लॅटमध्ये राहायचो. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि माझं लग्न दोन वर्षांत आटोपलं, तेव्हापासून मी बाबांकडेच. आमचं भातशेत नव्या शहराच्या सेक्टरांत गेलं. ज्या जागी आम्ही लावणी करायचो तिथं आता औषधाचं दुकान आणि पार्किंग आहे. बाबांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. लोक फ्लॅटला नावं ठेवायचे, बाबा म्हणायचे, "पानी वर चढून येतंय, आजून काय पायजे?" मात्र एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. रोज सकाळी चहा झाला, की कापडी पिशवीत भात घेऊन ते खाडीकडच्या जुन्या बांधावर जायचे आणि पाखरांना दाणे टाकून यायचे.

भातच हवं, तांदूळ नाही. पळस्प्याच्या पुढे माझ्या मामेभावाची थोडी शेती उरली आहे, तिथून दर वर्षी एक पोतं यायचं. मी एकदा बाजारातून कणी आणून दिली, तर त्यांनी ती नेली खरी, पण तोंड असं केलं की जणू मी पाहुण्यांना शिळं वाढायला सांगितलं होतं. बांधावर होले यायचे, मुनिया यायच्या, पाणकोंबड्या यायच्या. पाणकोंबडी तशी भित्री. माणसाची चाहूल लागली की शेपटी उडवत गवतात घुसते. पण बाबा दिसले की त्या गवतातून बाहेर यायच्या. मी दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा मला लांब उभं करायचे. "तू हितंच थांब. त्यांना तू नवीन," म्हणायचे.

बाबा पूर्वी पाखरं धरायचे, हे मला माहीत होतं. आमच्याकडे ते कोणी लपवत नसे. त्यांच्या तरुणपणी भात कापून झालं, की शेतात आणि मिठागराच्या कडेला पाखरं उतरायची, आणि गावातली माणसं ती धरायची आणि खायची. कायदा तेव्हा आला होता की यायचा होता, हे बाबांना ठाऊक नव्हतं. गावात कोणालाच नव्हतं. बाबांचा त्यात हात बसला होता. फास सगळेच लावायचे, पण बाबांची रीत वेगळी. ते चार दिवस नुसते दाणे टाकायचे. जागा तीच, वेळ तीच, अंगात कपडे तेच. पहिल्या दिवशी पाखरं लांबून बघतात. दुसऱ्या दिवशी एखादं धीट येतं. तिसऱ्या दिवशी बाकीची येतात. चौथ्या दिवशी ती माणूस यायच्या आधीच वाट बघत बसलेली असतात. फास लावायचा तो पाचव्या दिवशी.

आणि असाच एका पाचव्या दिवशी त्यांनी तो धंदा सोडला. मी तेव्हा पाळण्यात होते. त्यांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, आई गेली त्या वर्षी. ते फास बघायला गेले, तर एका पाणकोंबडीचा पाय अडकला होता आणि ती दाणे खात होती. पाय फासात आणि चोच दाण्यात. बाबा जवळ गेले तरी ती फडफडली नाही. चार दिवस हा माणूस आला की दाणे मिळतात, एवढंच तिला माहीत होतं. तिनं मान वर करून बघितलं आणि परत खायला लागली.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करनार? धरली ना. सवयीचा हात. मान मोरल्यावर कललं."

त्यानंतर त्यांनी फासाला हात लावला नाही. पुढं म्हातारपणी शेत गेलं, हाताला काम राहिलं नाही, तेव्हा ते दाणे टाकायला लागले. ते का, हे मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी नाद हवाच, असं मी लोकांना सांगायचे.

त्या सकाळी ते नेहमीपेक्षा उशिरा आले. मी डबा भरत होते, कामाला निघायची घाई. बाबांनी पिशवी स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. पिशवीतून पिवळसर पाय बाहेर आला होता.

मी पिशवी उघडली. आत उरलेलं भात, त्यावर मेलेली पाणकोंबडी, पांढऱ्या छातीवर चिखल, आणि बाजूला तंगुसाचे फास. मासे धरायच्या गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा, त्याला आमच्याकडे तंगूस म्हणतात. बाबांनी ते फास काढून, गाठी सोडवून, नीट गुंडाळी करून आणले होते. आमच्याकडची माणसं दोरा कधी टाकत नाहीत. मेल्या पाखराच्या शेजारी ठेवायचा असला तरी तो गुंडाळूनच ठेवतात.

"कोनीतरी फास लावलंय," बाबा म्हणाले. "माझ्याच जागेवं. एक जिती होती, ती सोरली. ही मेली होती."

"आणि हे घरी कशाला आणलंत?"

"फॉरेस्टवाल्यांना दावाया. आजून असतील गवतात. मना सगलं नाय कारता आलं. तू चल माझ्यासंगं, तुला बोलता येतं."

इथं मी हो म्हणायला हवं होतं. वनखात्याचं ऑफिस रिक्षानं फार लांब नाही. फार तर माझी अर्धी सकाळ गेली असती.

पण माझं डोकं फिरलं. भीतीनं फिरलं, पण माझी भीती रागासारखीच बाहेर येते, लहानपणापासून. मला ती तीन वेळा टाइप केलेली ओळ दिसायला लागली. मी हातातला डबा ठेवला आणि बाबांच्या समोर उभी राहून, वकील लोक साक्षीदाराला विचारतात तसं विचारायला लागले.

"दाणे कोणी टाकले?"

"मी."

"रोज? एकाच जागी?"

"रोज."

"फास कोणाकडे सापडले?"

बाबांनी पिशवीकडे बघितलं. "माझ्याकडं."

"मेलेला पक्षी कोणाच्या पिशवीत?"

"माझ्या."

"यापूर्वी कधी फास लावले होते?"

हा प्रश्न विचारायची काहीच गरज नव्हती. आजही तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. बाहेर घंटागाडीचं गाणं जवळ येत होतं.

"लावलं होतं," ते म्हणाले.

"मग झालं तर. आता सांगा जाऊन, मी पुण्य करत होतो म्हणून. अहो, आमिष टाकणं म्हणजे शिकारच, असं लिहिलंय कायद्यात. फास लावायचीसुद्धा गरज नाही. नुसते दाणे पुरतात. आत टाकतील तुम्हाला या वयात, आणि जामिनासाठी मी कोणाकोणाच्या दारात जाऊ?"

मला वाटलं ते वाद घालतील. बाबा वादाला कधी मागे नव्हते, जमिनीच्या मोजणीला त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. पण ते हळूहळू मान डोलवायला लागले.

"बराबर हाय कायदा," ते म्हणाले. "दाने टाकनं म्हंजेच शिकार. फास ते मागून. ज्यानं हा कायदा लिवला ना, त्यानं कवातरी फास लावला असल."

मी जिंकले होते. मी पिशवी तशीच्या तशी काळ्या प्लास्टिकमध्ये बांधली. बाबा म्हणाले, "तिला पुरूया तरी." मी म्हटलं, कुठे पुरता, पार्किंगमध्ये? आणि खाली जाऊन ती घंटागाडीत टाकून आले. संध्याकाळी मामेभावाला फोन करून सांगितलं, की या वर्षी भाताचं पोतं पाठवू नकोस, आणि घरात होतं ते शेजारच्या कोंबड्यावाल्यांना देऊन टाकलं. माझा जीव भांड्यात पडला. बाप वाचवला, असं मला वाटत होतं.

बाबा घरात बसायला लागले. सकाळी चहा झाला की गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे, खाडीच्या दिशेला तोंड करून. खाडी तिथून दिसत नाही, मधे दोन टॉवर आहेत. गॅलरीच्या ग्रिलवर चिमण्या, साळुंक्या यायच्या. पूर्वी बाबा ताटातलं काहीबाही त्यांना टाकायचे. आता जेवताना खाली शीत पडलं तरी ते बोटानं उचलून ताटात ठेवायचे. मी म्हणायचे, अहो घरात कोण बघायला येतंय?

एकदा म्हणाले, "ती येत असतील."

"आली तर जातील उडून. पंख आहेत त्यांना."

"नाय जानार. त्यांना सवय लागलीय. माझ्यामुलं येतान ती तितं, नि माझ्यामुलं मरतान." मग थोड्या वेळानं, "एकडाव जाऊन बगून येऊ का? दाने नाय नेत."

"नाही," मी म्हटलं. "कोणी बघितलं तर तुमच्यावरच येईल." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या बोलण्याला ते मान देतात याचा मला तेव्हा अभिमान वाटला.

असे पाच आठवडे गेले. एके दिवशी मी टायपिंगच्या खोलीवर पोचले आणि लक्षात आलं, की एका माणसाचे सगळे कागद ज्यात होते तो पेनड्राइव्ह घरीच राहिला. परत आले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. दाराला बाहेरून कुलूप होतं. बाबा घरात नव्हते. स्वयंपाकघरात मांडणीवरचं मोठं ताट नव्हतं आणि उलथनं जागेवर नव्हतं. ताट आणि उलथनं घेऊन माणूस कुठे जाईल? मला आधी काही सुचेना, आणि मग एकदम सुचलं. खाली रिक्षा उभी होती, तिच्यात बसले.

बांध दिसायच्या आधी आवाज आला. ताटावर उलथनं बडवल्याचा आवाज आणि मधे बाबांचं ओरडणं, "हाऽऽ हाऽऽ हुर्रऽऽ." तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. भात पिकलं की आम्ही पोरं शेतातल्या उंच माचीवर बसून डबे बडवायचो, पाखरांनी लोंब्या खाऊ नयेत म्हणून, आणि खालून बाबा असंच ओरडायचे.

बाबा बांधावर उभे होते. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. ते ताट बडवायचे, पाखरं उडायची, एक गिरकी घ्यायची आणि परत त्यांच्याच पायाशी उतरायची. होले तर त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर येऊन बसत होते. हा माणूस आला म्हणजे दाणे येणार, एवढंच त्यांना माहीत होतं. बाबा वाकून ढेकूळ उचलायचे आणि फेकायचे. एक पाणकोंबडी गवतातून निम्मी बाहेर आली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्यावर ढेकूळ मारलं. तिला लागलं. ती ओरडून आत गेली, आणि बाबा ताट खाली टाकून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले.

मी जवळ गेले. त्यांनी मला बघितलं, पण दचकले नाहीत.

"तू कामाला गेलीस की येतो," ते म्हणाले. "रोज येतो. फासांना हात नाय लावत, माझ्याकडं गवसतील. त्यांची सवय मोरली पायजे. मार लागल्याबिगर नाय समजनार त्यांना. मानसाचा भरवसा नको त्यांना, माझा पन नको."

माझ्या डोक्यात काय आलं असेल? हाकारणं. तो शब्दही त्याच ओळीत होता, आमिषाच्या अगदी शेजारी. दाणे टाकले तरी गुन्हा, हुसकावलं तरी गुन्हा. समोर ऐंशीच्या घरातला माझा बाप चिखलात उभा राहून रडत होता आणि मी मनात कलम वाचत होते. मला माझी इतकी किळस पूर्वी कधी आली नव्हती. मी ताट उचललं, पदरानं पुसलं, आणि आम्ही रिक्षानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या ऑफिसात गेले. तिथंही आधी खोटंच बोलले. म्हटलं, एका पक्षकाराचं काम आहे, तो पाखरांना दाणे टाकतो, त्याच्या जागेवर दुसऱ्या कोणी फास लावले, तर त्याला काय होईल? समोर एक तरुण वनरक्षक बाई बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला चहा दिला.

"ताई, आमिष म्हणजे पकडण्यासाठी टाकलेलं," ती म्हणाली. "माणसानं दाणे टाकले हे बघत नाहीत नुसतं, कशासाठी टाकले ते बघतात. रोज एकाच जागी टाकू नयेत, हे खरं. पाखरांना सवय लागते आणि फास लावणारे तेवढंच हेरून असतात. पण जो स्वतः फास काढून आमच्याकडे आणतो त्याला आम्ही साक्षीदार करू, आरोपी कशाला करू? ते आजोबा का आले नाहीत?"

आजोबा मी म्हटलंच नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे. बहुधा माझ्या तोंडावर दिसलं असेल.

"मी येऊ दिलं नाही," मी म्हटलं.

"कधीची गोष्ट?"

"पाच आठवडे झाले."

ती काही लागट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "त्याच दिवशी आला असता तर त्याच दिवशी सगळे काढले असते. ठीक आहे. उद्या सकाळी येते."

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. मी चुकले, असंही सांगितलं. आयुष्यात बाबांना ते शब्द मी पहिल्यांदा म्हटले असतील. तुमच्यावर काही येणार नाही, असं दहादा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सकाळी निघताना त्यांच्या हातात एक पिशवी होती. मला वाटलं, कुठून तरी भात पैदा केलं. रिक्षात बसल्यावर मी आत बघितलं. टॉवेल, एक जुना शर्ट, दात घासायचा ब्रश आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची दोन पाकिटं. त्यांना न्यायला माणसं येणार, असं धरून ते तयार होऊन निघाले होते.

"बाबा, अहो कशाला हे?"

"असू दे," ते म्हणाले. "गोल्या तितं मिलतान की नाय, कोनाला माईत."

वनरक्षक बाईबरोबर तिचा एक सहकारी होता. दोघं काठीनं गवत बाजूला करत फास शोधायला लागले, पण तंगूस गवतात दिसत नाही. तेव्हा बाबा पुढे झाले. ते बांधाच्या कडेला उकिडवे बसले, पाण्याकडे बघितलं, आणि बोट दाखवलं. "मी असतो तर हितं लावला असता." तिथं फास होता. चार पावलं पुढे, रुईच्या झुडपाखाली, "नि मग हितं." तिथंही होता. ते दाखवत गेले आणि ती दोघं काढत गेली. एकदाही बाबा चुकले नाहीत. पन्नास वर्षांत त्यांनी स्वतः फास लावला नव्हता, पण दुसऱ्या कोणी कुठे लावला असेल हे त्यांना घरच्या फडताळासारखं ठाऊक होतं.

काही फास रिकामे होते. काहींत पिसं होती. एकात वाळलेला पाय होता, नुसता पाय, वरचं मुंगसानं नाहीतर कुत्र्यानं नेलेलं. प्रत्येक वेळी बाबा थांबायचे, बघायचे आणि पुढे जायचे. मीही बघत होते. त्या पाच आठवड्यांत मी घरी डबे भरत होते, भाडेकरार टाइप करत होते, आणि बाप वाचवला म्हणून निर्धास्त झोपत होते.

सगळं झाल्यावर वनरक्षक बाई जबाब लिहायला बसली. बाबा तिच्यासमोर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "दाने मीच टाकलंत. मना न्यायचं तर न्या."

"नाही हो आजोबा, कुठे नेणार तुम्हाला? मला फक्त सांगा, दाणे कशासाठी टाकायचात?"

कशासाठी? इतक्या वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात एवढे प्रश्न विचारले, त्यात हा नव्हता.

बाबांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "ती परत यावी म्हनून," ते म्हणाले.

बाईनं पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग कागदावर लिहिलं, हौस म्हणून. बाबांनी सही केली. त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, शेवटची रेघसुद्धा ओढली.

फास लावणारा कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी परत फोन केल्यावर मामेभावानं पोतं पाठवलं. मी रोज सकाळी चहाबरोबर पिशवी भरून बाबांच्या हाताशी ठेवायचे. ते पिशवीत हात घालायचे, भात मुठीत घ्यायचे, आणि परत सोडायचे. "आता नको," म्हणायचे. "मोठ्या मुश्किलीनं मोरलीय सवय." मी म्हटलं, आता फास नाहीत, बाई येऊन बघून जाते. ते म्हणाले, "आज नाय. उद्या कोनी लावल." मी त्यांना तो कायदा परत नीट समजावून सांगितला. कशासाठी टाकले ते बघतात, असं दोन-तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "बाय, ते कायदा बगतो. पाखरू कसं बगल?"

मी पिशवी परत दाराच्या मागे टांगली.

बाबा त्याच थंडीत गेले. फार आजारी पडले नाहीत. दवाखान्यात दोन दिवस होते, त्या पिशवीतला टॉवेल, तो शर्ट आणि त्या गोळ्या मी तशाच उचलून तिकडे नेल्या. भरायचं काही राहिलं नव्हतं, ते आधीच त्यांनी भरून ठेवलं होतं.

सगळे विधी आटोपल्यावर एका सकाळी मी भात घेऊन बांधावर गेले. दाणे टाकले, लांब जाऊन उभी राहिले, तासभर थांबले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. बाबा शेवटी घालत होते तो पांढरा शर्ट मी अंगावर चढवला होता, साडीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वेडी म्हटलं असेल. चौथ्या दिवशी होले आले. पाण्याच्या पलीकडे तारेवर रांगेनं बसले, आणि गवताच्या कडेला मला एक पाणकोंबडी दिसली, पांढऱ्या छातीची. ती माझ्याकडे बघत होती. मी हळूच पिशवीत हात घातला आणि मूठ वर केली.

मूठ वर केली मात्र, सगळी उडाली. होले तारेवरून गेले, पाणकोंबडी गवतात शिरली ती पुन्हा दिसली नाही. उचललेला हात म्हणजे ढेकूळ, हे त्यांना पक्कं झालं होतं. माझ्या बापानं रडत रडत, ताट बडवून त्यांना हे शिकवलं होतं, आणि ती ते विसरली नव्हती.

मी तिथंच बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. मला बाबांना एवढंच सांगायचं होतं, की ती आता कोणाचाही भरवसा धरत नाहीत, तुमचा शर्ट घातला तरी नाही. पाचव्या दिवशी मी गेले नाही. भाताची ती पिशवी अजून दाराच्या मागे तशीच टांगलेली आहे.